सहा चाकांवरचं घर

निवृत्तीनंतर घर विकून मावशी आणि काका चक्क गाडीत राहायला लागले. मी गेले होते एक झक्कास, मोकळीढाकळी स्टोरी आणायला. परत आले ते वेगळंच काहीतरी घेऊन...

"तुझी मावशी वेडी झालीये."

आईचा फोन आला तेव्हा मी एका बिल्डरच्या ब्रोशरशी झटापट करत होते. व्हिजिटिंग कार्डवर 'फ्रीलान्स जर्नलिस्ट' असं कितीही ऐटीत छापलं, तरी भाडं भरायचं तर ब्रोशरंही लिहावी लागतात. मास कॉम केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको! 'स्वप्नातलं घर' हे शब्द चौथ्यांदा येत होते आणि ते टाळायचे कसे, तेच सुचत नव्हतं.

"का? काय केलं तिने?"

"घर विकलं एडिसनचं. आणि आता म्हणे दोघं गाडीत राहणार. भटक्यांसारखं!"

ही २०२१ सालची गोष्ट. मावशी आणि काका न्यू जर्सीतल्या एडिसनला पस्तीस वर्षं राहिले. चार बेडरूम्स, दोन गाड्यांचं गॅरेज, बेसमेंटमध्ये गणपतीचं मखर आणि दर दिवाळीच्या फोटोत मागे दिसणारी ती गुळगुळीत हिरवळ. 'सेटल होणं' म्हणजे काय, याचं आमच्या अख्ख्या खानदानातलं हे मॉडेल. काका पुलांचे इंजिनिअर, २०२० मध्ये रिटायर झाले. मावशी एका शाळेच्या लायब्ररीत होती. मुलगा सिएटलला. आणि अशा माणसांनी वयाच्या साठीत चंबूगबाळं आवरून गाडीत राहायला जायचं?

मला मात्र ऐकूनच सॉलिड वाटलं. त्याला कारणही होतं. आज माझा हिशोब सांगायचा, तर सहा वर्षांत पाच फ्लॅट्स. अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट संपत आलं की घरमालकाचा फोन येतो, "बेटा, माझा मुलगा परत येतोय बेंगळुरूहून." (बेंगळुरूहून इतकी मुलं खरंच परत येत असतील, तर तिथे आता उरलंय कोण?) माझं सगळं सामान एका छोट्या टेम्पोत मावतं, याचा मला एकाच वेळी अभिमानही आहे आणि भीतीही. त्यामुळे साठीतली दोन माणसं आपणहून माझ्यासारखी होतायत म्हटल्यावर मी ती स्टोरी मनात तेव्हाच लिहायला घेतली. एडिटरला पिचसुद्धा केली, 'निवृत्तीचा नवा फंडा!'

जायला जमलं ते २०२४ च्या ऑक्टोबरात. तीन आठवडे.

देवांना सीटबेल्ट

आरव्ही म्हणजे रिक्रिएशनल व्हेइकल. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं छोटं घर म्हणा ना. मावशी-काकांची होती 'क्लास सी' जातीची, सेकंडहँड, पंचवीस फूट लांब, मागे जोडचाकं धरून एकूण सहा चाकांची. ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यासारखा पलंग (तो माझा), मागे त्यांची बेडरूम, मधे ओटा, फ्रिज, जेवायचं टेबल आणि विमानातल्यापेक्षा जेमतेम मोठं टॉयलेट. त्यांनी ती घेतली तेव्हा तिकडे आरव्हीची लाटच आली होती. करोनामुळे लोकांना हॉटेलं नकोत, विमानं नकोत. एकट्या २०२१ सालात तिथल्या कारखान्यांतून सहा लाखांहून जास्त आरव्ही बाहेर पडल्या.

अर्थात, चाकांवर राहणारे सगळेच हौसेने राहतात असं नाही. 'नोमॅडलँड' पाहिलाय? २०२१ मध्ये ऑस्कर मिळालेला? त्यातल्या माणसांची नोकरी गेली, घर गेलं, म्हणून ती व्हॅनमध्ये राहतात. आमच्या मावशी-काकांना पेन्शन होती, घराचे पैसे बँकेत होते. "आम्ही हौशी भटके. खऱ्या भटक्यांशी बरोबरी सांगायची नाही," काका पहिल्याच दिवशी बजावून म्हणाले.

पण घर नसलं तरी पत्ता लागतोच. लायसन्सला, बँकेला, टपालाला. तो त्यांनी घेतला साऊथ डकोटाचा. त्या राज्यात एक रात्र मुक्काम केल्याची पावती दाखवली, टपाल सांभाळणाऱ्या एका कंपनीचा पत्ता दिला, की लायसन्स हातात! मी इथे पोलिस व्हेरिफिकेशन आणि रजिस्टर्ड अॅग्रीमेंटसाठी काय काय केलंय, ते आठवून मला रडू यायचं बाकी राहिलं.

मला त्यांनी लास वेगासच्या एअरपोर्टवरून उचललं. पहिल्याच संध्याकाळी या आयुष्याचे नियम कळले. एक वस्तू आत आली, की एक बाहेर गेली पाहिजे. ताटं चार. पाहुणा आला तर त्याने स्वतःचं धुवायचं. गाडी सुरू करण्याआधी कपाटांच्या कड्या तपासायच्या, नाहीतर पहिल्या वळणावर डाळीचा डबा अंगावर. देवघर होतं सिंकच्या वरच्या कपाटात. निघताना मावशी अन्नपूर्णा आणि बाळकृष्णाला टर्किश टॉवेलात गुंडाळून बेडवर उशांच्या मधे ठेवायची. "देवांना सीटबेल्ट," ती म्हणायची.

फोडणी आत करायची नाही, हाही नियम. मोहरी तडतडली रे तडतडली, की छतावरचा स्मोक अलार्म असा काही बोंबलायचा की शेजारच्या गाडीतले लोक धावत यायचे. म्हणून फोडणी बाहेर, छोट्या गॅसवर. मग लोक धावत नाही, पण वास काढत मात्र यायचेच.

आणि हो, टाक्या! स्वच्छ पाण्याची एक, सिंक-आंघोळीच्या पाण्याची 'ग्रे' आणि टॉयलेटची 'ब्लॅक'. दर काही दिवसांनी डम्प स्टेशनवर जाऊन त्या रिकाम्या करायच्या. काका हातमोजे चढवून पूजा सांगावी तशा शांतपणे सांगत होते, "आधी ब्लॅक, मग ग्रे. म्हणजे मागून येणारं साबणाचं पाणी नळी धुऊन काढतं. क्रम चुकला, की संपलं." अमेरिकन ड्रीमचा हा भाग कुणी इन्स्टाग्रामवर टाकत नाही!

बाकी काका फुल फॉर्मात होते. नॅशनल पार्क्सच्या गेटवर ते आपला सीनियर पास एखाद्या पदकासारखा दाखवायचे. ६२ वर्षं पूर्ण झालेल्यांना हा पास आयुष्यभरासाठी मिळतो. किंमत १० डॉलर होती, ती २०१७ च्या ऑगस्टअखेर ८० झाली. आणि काकांना ६२ पूर्ण झाली त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात! "दीड महिना आधी जन्मलो असतो तर सत्तर डॉलर वाचले असते," ही तक्रार मी तीन आठवड्यांत अकरा वेळा ऐकली.

"मधोमध आहे ना मी?"

पहिला मुक्काम झायन. तिथून पूर्वेला जायचं तर डोंगराच्या पोटातून जाणारा, सव्वा मैलाला थोडा कमी लांबीचा बोगदा लागतो. १९३० सालचा, वर कमानीसारखा गोल. कडेने गेलं तर उंच गाड्यांचं डोकं आपटणार. म्हणून तेव्हा १५ डॉलर जादा भरावे लागायचे, मग रेंजर समोरची वाहतूक थांबवायचे आणि तुमची आरव्ही बोगद्याच्या मधोमध जायची. काका जाम खूश. एवढा मोठा बोगदा आपल्या एकट्यासाठी!

आत शिरल्यावर ते म्हणाले, "बघ गं, मधोमध आहे ना मी?"

"हो काका."

थोड्या वेळाने पुन्हा, "मधोमध ना?"

मी हसले. मला वाटलं, गंमत चाललीये.

मग ब्राइस कॅनियन. समुद्रसपाटीपासून आठ हजार फुटांच्या वर. ऑक्टोबरात रात्री पाणी गोठतं. खडकांच्या फटींत पाणी शिरतं, गोठून फुगतं, फट रुंदावते, आणि असं हजारो वर्षं होत होत तिथे नारिंगी सुळक्यांचं एक जंगलच उभं राहिलंय. त्या सुळक्यांच्या मधून खाली उतरणारी तीनेक मैलांची वाट आम्ही चाललो.

आता इथे मावशीबद्दल सांगायलाच हवं. काका जुने ट्रेकर. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना राजगड-तोरणा केलेले. मावशी उभ्या आयुष्यात पर्वती सोडून काही चढली नव्हती. हायकिंग तिने सुरू केलं वयाच्या ६२ व्या वर्षी, आरव्ही घेतल्यावर. पहिल्या दिवशी दोन मैलांत रडकुंडीला आली. मग लायब्ररीयनच ती, एक डायरी केली. तारीख, वाट, मैल, चढ. तीन वर्षांत त्या डायरीत हजाराच्या वर मैल जमले होते. आता दोन्ही हातांत काठ्या घेऊन ती पुढे असायची आणि काका मागे.

ब्राइसला काका उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून चालले. पूर्ण उतार. मला वाटलं, भाचीवरचं प्रेम.

त्या रात्री मी टूथपेस्ट शोधायला टॉयलेटमधलं छोटं कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला ग्राफ पेपरचा एक चौकोन चिकटवलेला. मध्यभागी काळा ठिपका, बाकी काही नाही. म्हटलं, असेल काहीतरी इंजिनिअरचं. दार लावून टाकलं.

हे सगळं मी जर्नलिस्ट असताना, बरं का. 'निरीक्षणशक्ती' या विषयात मला फर्स्ट क्लास होता!

पूल सरळ होता

ब्राइसहून ग्रँड कॅनियनच्या दक्षिण कड्याला जाताना कोलोरॅडो नदी ओलांडावी लागते. तिथे दोन पूल आहेत, शेजारीशेजारी, जुळ्या भावांसारखे. नवाहो ब्रिज. जुना १९२९ चा, आता फक्त चालणाऱ्यांसाठी. नवा १९९५ चा, गाड्यांसाठी. खाली साधारण ४७० फुटांवर हिरवी नदी. काका गेला आठवडाभर या पुलाबद्दलच बोलत होते. दोन्ही पोलादी कमानीचे पूल, नवा बांधताना तो जुन्याच्या रूपाला शोभेल असाच केला, वगैरे वगैरे.

मावशी पलीकडे नवाहो बायकांच्या दागिन्यांच्या टेबलांपाशी रमली होती. आम्ही दोघं जुन्या पुलाच्या मधोमध उभे. समोर नवा पूल.

"तो डेक कसा दिसतोय तुला?" काकांनी विचारलं.

"मस्त."

"मस्त नाही विचारलं. गाड्या जातात ती रेघ. सरळ आहे?"

"सरळच आहे की."

काकांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. मग तळहाताने डावा डोळा झाकून बराच वेळ त्या पुलाकडे बघत राहिले.

"मला मधेच वाकलेली दिसतेय. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी." आणि मग, अगदी ऑफिसातल्या आवाजात, "इंजिनिअरला पूल वाकलेला दिसायला लागला, की एक तर पुलाचं काहीतरी बिघडलंय, नाहीतर इंजिनिअरचं. पूल ठणठणीत आहे."

मग सगळं बाहेर आलं. वर्षभरापूर्वी डोळ्यांच्या तपासणीत कळलं होतं की दोन्ही डोळ्यांत मॅक्युलर डीजनरेशनची सुरुवात आहे. पडद्याच्या मधल्या भागाची झीज. उतारवयात बऱ्याच जणांना होते, कोरडी असते तोवर हळूहळू सरकते. मावशीला हे माहीत होतं. डॉक्टरांनी तो ग्राफ पेपर दिला होता. रोज एकेक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं. रेघा सरळ दिसल्या, ठीक. वाकड्या दिसल्या, तर लगेच या.

"कधीपासून वाकड्या दिसतायत?"

"तीन आठवडे."

तीन आठवडे! म्हणजे बोगद्यात, ब्राइसला, रोज दीडशे-दोनशे मैल, पंचवीस फुटांची गाडी, मागे बसलेल्या आम्ही दोघी...

"तिला सांगू नकोस," काका म्हणाले. "टुसॉनला पोचलो की मीच दाखवतो डोळा. दोन आठवड्यांचा प्रश्न आहे. घर विकताना मी तिला चार वर्षं म्हटलं होतं. साडेतीन झाली. पुढच्या उन्हाळ्यात अलास्का म्हटलं होतं. माझ्या शब्दावर घर सोडलं गं तिने."

मी "बरं" म्हणाले. त्या क्षणी दुसरं काही सुचलंच नाही.

रात्री माळ्यावर पडून मोबाइलवर वाचत बसले. ही कोरडी झीज कधीकधी 'ओली' होते. पडद्यामागे नको त्या नाजूक रक्तवाहिन्या फुटतात, त्या गळतात, पडद्याला फुगवटा येतो आणि सरळ रेघ वाकते. यावर डोळ्यात इंजेक्शनं देतात, त्यांचा चांगला उपयोगही होतो. पण वेळेत. जी नजर गेली ती सहसा परत येत नाही. खालून काकांच्या घोरण्याचा आवाज येत होता. पंचवीस फुटांच्या घरात सगळं ऐकू येतं आणि तरी माणूस एवढी मोठी गोष्ट तीन आठवडे लपवू शकतो, हे मला पटतच नव्हतं.

आधी उतरायचं, मग चढायचं

ग्रँड कॅनियन फोटोत असतं तसं नसतं. फोटोत ते दिसतं. तिथे गेल्यावर ते दिसत नाही, नुसतं असतं. पहाटे कड्यावर उभं राहिलं की आधी फक्त गार वारा येतो खालून. मग उजेड पडत जातो आणि एकेक थर सुटा होत जातो. त्यातल्या एका शिखराचं नाव आहे विष्णू टेम्पल. एकोणिसाव्या शतकात क्लॅरेन्स डटन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने इथल्या शिखरांना अशी पूर्वेकडच्या देवांची नावं दिली. पार तळाशी जे काळे खडक आहेत, त्यांची नावं विष्णू शिस्ट, ब्रह्म शिस्ट आणि चक्क राम शिस्ट. वय सुमारे १७० कोटी वर्षं. मावशीने कड्यावरूनच नमस्कार केला.

ब्राइट एंजल ट्रेलने दीड मैल खाली विसाव्याच्या शेडपर्यंत जायचं आणि परत यायचं, असा बेत होता. काका म्हणाले, "गुडघा कुरकुरतोय. मी वर बसतो. जा तुम्ही."

आपल्या सह्याद्रीत कसं असतं? आधी चढायचं. दम लागला, जमेना, तर अर्ध्यातून परत फिरायचं. उतार असतोच. इथे सगळं उलटं. आधी उतार. मजेत, गाणी म्हणत माणूस खाली जातो आणि मग कळतं की खरं काम आता सुरू होतंय. पार्कवाले म्हणूनच बजावत असतात की उतरणं ऐच्छिक आहे, चढणं सक्तीचं. आणि कडेने पाट्या, एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत यायच्या भानगडीत पडू नका म्हणून.

शेडपाशी बसलो. मावशीने संत्रं सोललं, अर्धं मला दिलं. मी म्हटलं होतं ना काकांना, 'बरं'? दीड मैलभर तोच शब्द डोक्यात फिरत होता. काकांचा विश्वास मोडायचा, की मावशीला काही न कळता त्या गाडीत बसू द्यायचं? खरं सांगते, बरोबर उत्तर सापडलं म्हणून मी बोलले नाही. वर गेल्यावर काका पुन्हा स्टिअरिंगवर बसणार होते, एवढंच मला दिसत होतं.

"मावशी, काकांना उजव्या डोळ्याने रेघा वाकड्या दिसतायत."

तिचा हात थांबला. "कधीपासून?"

"तीन आठवडे."

ती काहीच बोलली नाही. संत्र्याची सालं पिशवीत भरली, बाटलीचं झाकण घट्ट लावलं, काठ्या उचलल्या. "चल."

दीड मैल, अकराशे फुटांचा चढ. पासष्ट वर्षांची बाई एकदाही थांबली नाही. अठ्ठावीस वर्षांची मी, खुर्चीत बसून बसून घडलेली, मागून धापा टाकत, मधेमधे खेचरांच्या काफिल्याला वाट देण्याच्या निमित्ताने श्वास घेत, कशीबशी वर पोचले.

काका बाकावर बसले होते. शेजारी कॉफीचे तीन कप. मावशी रागावली की इंग्लिश बोलते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"गिव्ह मी द कीज."

काकांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

ड्रायव्हिंग सीट

साडेतीन वर्षांत मावशीने ती गाडी एकदाही चालवली नव्हती. कार चालवायची ती, पस्तीस वर्षं चालवली. लायसन्सही तेच चालतं. पण एवढं मोठं धूड? "ते यांचं खातं," असं ती म्हणायची. त्या दिवशी तिने सीट पुढे ओढली, पाठीमागे उशी घेतली, आरसे लावले. देव गुंडाळले मी.

ग्रँड कॅनियन ते फिनिक्स सव्वादोनशे मैलांच्या आसपास. लोक साडेतीन-चार तासांत जातात. आम्हाला सात लागले. मागे गाड्यांची ही रांग! फ्लॅगस्टाफहून फिनिक्सकडे रस्ता जवळपास सहा हजार फूट खाली उतरतो. मावशीचा पाय सारखा ब्रेकवर, आणि ब्रेकला जळका वास यायला लागलेला. तेव्हा शेजारी मुकाट बसलेले काका पहिल्यांदा बोलले.

"ब्रेक नको. गिअर खाली टाक. इंजिनला धरू दे गाडी."

तिने गिअर खाली टाकला. गाडीने घरघर केली आणि आपोआप हळू झाली. त्यानंतर ते दर वळणाला सांगत गेले, ती ऐकत गेली. बाकी एक शब्द नाही. मी मागे देवांशेजारी बसून दोघांच्या पाठमोऱ्या डोक्यांकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. ओलीच होती. पहिलं इंजेक्शन त्याच दिवशी. सुरुवातीला दर महिन्याला, पुढे डोळा कसा साथ देतो ते बघून. आणि रात्रीचं ड्रायव्हिंग बंद. डॉक्टर म्हणाले, आलात ते बरं केलंत. तीन आठवड्यांबद्दल त्यांनी काही म्हटलं नाही. मावशीने मात्र डायरीत लिहिलं. मैलांच्या रकान्यात '३', चढाच्या रकान्यात '११०० फूट' आणि खाली एकच ओळ, 'आज गाडी मी चालवली.'

माझे शेवटचे पाच दिवस काका माझ्याशी सभ्यपणे वागले. एअरपोर्टवर म्हणाले, "हॅव अ सेफ फ्लाइट." मला. मराठीत ओरडले असते तर मी तिथेच गळ्यात पडून रडले असते.

सगुआरोचा हात

दर महिन्याला एकाच दवाखान्यात हजर राहायचं, तर चाकांवर राहता येत नाही. सिएटलचा मुलगा म्हणाला, आमच्या बेसमेंटला या. आई म्हणाली, पुण्याला या, गुपचूप. पण त्यांचा मेडिकेअरचा विमा सर्वसाधारणपणे अमेरिकेबाहेर चालत नाही. आणि बेसमेंटला मावशी म्हणाली, "एडिसनच्या बेसमेंटमध्ये आम्ही गणपतीचं मखर ठेवायचो. स्वतः जाऊन बसायचं नाही."

शेवटी त्यांनी घेतलं टुसॉन. दोन बेडरूम्सचं बैठं घर, डोळ्यांचा दवाखाना वीस मिनिटांवर. गावाच्या दोन्ही अंगांना सगुआरो नॅशनल पार्क. सगुआरो म्हणजे तो सिनेमातला हात वर केलेला उंच निवडुंग. त्याला पहिला हात फुटायलाच पन्नास-सत्तर वर्षं लागतात म्हणे. मावशीला हे फार आवडलं. "म्हणजे आपण आत्ता कुठे फुटायला लागलोय," ती फोनवर म्हणाली.

२०२५ च्या फेब्रुवारीत ती दोघं राहायला गेली. आरव्ही दारात उभी करून अकरा खेपांत सगळं घर आत! चार ताटं, दोन काठ्या, एक देवघर. पहिल्या रात्री मावशीला झोप लागेना. घर हलत नव्हतं ना. दिवाणखान्यात फोडणी केली तरी अलार्म वाजत नाही, याचं कौतुक आठवडाभर पुरलं.

एप्रिलमध्ये आरव्ही विकली, नुकत्याच रिटायर झालेल्या एका जोडप्याला. मावशीने एकच अट घातली. आधी दोघांनी चालवून दाखवायची. नवरा म्हणाला, हिला गरज नाही, मी आहे ना. मावशीने चावी परत खिशात टाकली. मग त्या बाईला शेजारी बसवून दोन तास गावाबाहेर फिरवून आणलं, गिअर खाली टाकायला शिकवलं, आणि मगच कागदांवर सही केली.

आणि मी? मी एडिटरला पिच केलेली स्टोरी लिहिलीच नाही. परत आल्यावर एका रविवारी घरी गेले. आई-बाबांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या आई-बाबांचा असाच असेल. दर वेळी मी जायचे, जेवायचे, डबा घ्यायचे, पळायचे. या वेळी सरळ विचारलं, "तुम्हा दोघांना काय काय होतंय, खरं सांगा." बाबांनी पेपर पुढे धरला. मग कळलं की रात्री स्कूटर चालवणं त्यांनी वर्षभरापूर्वीच बंद केलंय. समोरच्या दिव्यांनी काही दिसत नाही म्हणून. आईला माहीत होतं. मला नव्हतं. पुढच्याच आठवड्यात अपॉइंटमेंट घेतली. मोतीबिंदू निघाला. सुटलो!

काकांचा राग किती टिकला? आठ महिने. मावशीच्या फोनवर मागून आवाज यायचा, "तिला सांग, इकडे गरम आहे." एवढंच. मी बरोबर केलं, असं मावशी म्हणते. काकांनी विश्वासाने सांगितलेलं मी एका दिवसात फोडलं, हेही तितकंच खरं आहे. दोन्ही गोष्टी मी जवळ बाळगून आहे. छोट्या टेम्पोत त्याही मावतात.

मग २०२५ च्या जूनमध्ये एका रात्री व्हॉट्सअॅपवर काकांचा फोटो आला. थेट काकांचा! नव्या घराच्या भिंतीवर एक लाकडी फळी, वर मावशीच्या डायऱ्या. खाली मेसेज, "मीच ठोकली. उजव्या डोळ्याने वाकडी दिसते, डाव्याने सरळ. तुझी मावशी म्हणते, छान आहे. तिच्या 'छान'वर माझा भरवसा नाही. तू सांग. सरळ आहे का?"

मी फोटो मोठा केला. लॅपटॉपच्या स्क्रीनला लावून पट्टीने मोजला.

लिहिलं, "डावीकडे किंचित खाली आहे, काका. पाव इंच असेल."

दोन निळ्या खुणा आल्या. मग बराच वेळ 'टायपिंग...'

"वाटलंच होतं. स्क्रू ड्रायव्हर शोधतो."